जास्तीचा तास

चटया अंथरल्यात तशा राहू द्या. आडवे नंतर व्हा. चर्चच्या या तळघरात शरीरातून बाहेर पडायला शिकायला जो कोणी नवा येतो, त्याला मी आधी लोवेलची गोष्ट सांगतो. ऐकून काही जण कोट चढवून सरळ घरी जातात. तुम्हीही गेलात तर मी राग धरणार नाही. तो मोठा दिवा मालवा. छोटा राहू द्या.

लोवेल क्रिगर माझा मित्र. शाळेच्या पिवळ्या बसगाड्या दुरुस्त करायचा. तारीख मला पाठ आहे, दोन नोव्हेंबर २०१९, शनिवार. दुपारी तीनच्या सुमारास तो एमेटची शिडी परत करायला गेला. एमेट म्हणजे ओढ्यापलीकडे राहणारा विधुर, लोकांच्या घरी जाऊन पियानो सुरात लावून द्यायचा. आमच्या गुरुवारच्या गटातलाच. शिडी गराजच्या भिंतीला टेकवून झाली, थंडी यंदा लवकर पडली वगैरे बोलून झालं. लोवेल निघाला तेव्हा एमेट सहज म्हणाला, "नॅडीनला सांग, स्वयंपाकघरातला दिवा बदललाय. फार अंधार असतो म्हणत होती."

"सांगतो," लोवेल म्हणाला आणि गाडीत येऊन बसला. बराच वेळ त्याला किल्ली फिरवायचंही सुचेना. नॅडीन त्याची बायको. लग्नाला तीस वर्षं झालेली. तिने एमेटच्या घरात कधी पाऊल टाकलं नव्हतं. निदान पायांनी तरी नाही.

आमची एक रीत आहे, ती तुम्हालाही पाळावी लागेल. प्रत्येकाने पत्त्यांच्या कॅटातलं एक पान न बघता काढायचं आणि आपल्या फ्रिजच्या डोक्यावर सुलटं ठेवायचं. इतरांनी रात्री बाहेर पडून ते बघून यायचं आणि गुरुवारी सांगायचं. नाहीतर स्वप्न कुठलं आणि खरंखुरं जाणं कुठलं, हे ओळखणार कसं? दुसरा नियम गजराचा. तासाभराचा गजर लावल्याशिवाय निघायचं नाही. हा नियम का, ते तेव्हा कोणी विचारत नसे.

लोवेलने अकरा वर्षं घासली. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, खोलीत काळोख, श्वास मोजणं, सगळं केलं. निष्पन्न काय, तर घोरणं. त्या नोव्हेंबरच्या तीनेक वर्षं आधी नॅडीन नुसती सोबत म्हणून यायला लागली आणि चौथ्या महिन्यात म्हणाली, "एमेटकडे चौकटची सत्ती." होतीच. पुढे किलवरचा गुलाम, मग इस्पिकची दश्शी. दर वेळी एमेटचंच पान. आम्ही टाळ्या वाजवायचो, आणि लोवेल टाळ्या वाजवता वाजवता तिच्याकडे असा बघायचा की माझे हात थांबायचे.

त्या दिवशी शिडी देऊन घरी आल्यावर तो फुटला.

"रात्री दोन वाजता परक्या माणसाच्या घरात जातेस, नाइटगाऊनवर?"

"तिथे नाइटगाऊन नसतो, लोवेल."

"म्हणजे आणखीच वाईट."

नॅडीन हसली. तिथेच चुकलं तिचं. "अरे, बाहेर पडलं की ज्याचं घर वाटेत लागतं तिथे जाते मी. त्यात काय?"

"माझं पान का नाही वाचलंस कधी?"

"तुझं पान आपल्याच फ्रिजवर असतं. खुर्चीवर चढलं की दिसतं."

खरं सांगू? त्याला दोन्हीकडून आग लागली होती. आपल्याला अकरा वर्षांत जमलं नाही ते हिला सोबत येऊन जमलं, ही एक. आणि ही जाते ती त्याच्याकडेच, ही दुसरी. कुठली मोठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं. वर एमेटशी त्याचं जुनं भांडण होतंच. एमेट म्हणायचा, माणूस स्वतः काही ठरवत नाही. हात आधी कपाकडे निघतो, मन मागून धावत येतं आणि सही करतं. लोवेल टेबलावर मूठ आपटायचा. "माझ्या सहीशिवाय माझं बोटही हलत नाही." एमेट म्हणायचा, "मूठ आपटायचं कधी ठरवलंस?" सगळे हसायचे. नॅडीनही.

त्या रात्री लोवेलने सर्दीचं निमित्त केलं आणि शिवणाच्या खोलीतल्या छोट्या पलंगावर झोपायला गेला. मनात एकच होतं. आज काहीही करून बाहेर पडायचं आणि एमेटच्या स्वयंपाकघरात जाऊन उभं राहायचं. ती येते का, बघायचं. फोनवर दोनचा गजर लावून त्याने तो उशाशी ठेवला. एक वाजून दोन मिनिटांनी तो पाठीवर आडवा झाला.

अकरा वर्षं जे साधनेने झालं नाही, ते मत्सराने अर्ध्या तासात केलं. कानात घोंघावल्यासारखं झालं, मग एकदम शांत. लोवेल पलंगाशेजारी उभा होता आणि पलंगावर लोवेल होता. तोंड जरासं उघडं. आपण इतके म्हातारे दिसतो, हे बघून त्याला वाईट वाटलं.

नॅडीनच्या दारात जाऊन त्याने बघितलं. ती कुशीवर झोपली होती. आत होती की नव्हती, कळायला मार्ग नव्हता.

ओढ्याकाठच्या रस्त्याने तो एमेटकडे गेला. चालत म्हणा, कसंही म्हणा. स्वयंपाकघरात नवा दिवा लखलखत होता. कोणासाठी चालू ठेवला होता, ते उघड होतं. फ्रिजवर किलवरची चव्वी. एमेट बाहेरच्या खोलीत खुर्चीतच झोपलेला, एका मोज्याला अंगठ्याशी भोक. बाकी कोणी नाही.

लोवेलला हायसं वाटलं, आणि आपण मूर्ख आहोत असंही वाटलं. तेव्हाच परत फिरायचं. पण संशयाने पछाडलेला माणूस रिकामी खुर्ची बघूनही बसणाऱ्याची वाट बघतो. तो थांबला. ओव्हनवरच्या घड्याळात पावणेदोन झाले. मग दोनला पाच कमी. गजर झाला की आपण आपोआप ओढले जाऊ, ही त्याला खात्री होती.

दोन वाजले. काही झालं नाही.

दोन वाजून दहा मिनिटं. वीस.

गजर नाही.

मग त्याच्या लक्षात आलं. नोव्हेंबरचा पहिला रविवार लागला होता. हिवाळ्याची वेळ लागते, त्या रात्री दोन वाजता सगळी घड्याळं एक तास मागे जातात. ओव्हनवरचं घड्याळ बिचारं हाताने फिरवावं लागतं. फोनचं तसं नाही, फोन आपला आपण मागे जातो. दोन वाजले त्या क्षणी फोनमध्ये पुन्हा एक वाजला होता. एक ते दोन हा तास त्या रात्री दोनदा होता, आणि लोवेलचा गजर दुसऱ्या खेपेच्या शेवटी होता. सालाबादप्रमाणे होणारी गोष्ट. चर्चमध्ये त्याची सूचनाही लागली होती.

तो घराकडे निघाला.

लांबूनच दिसलं. त्याच्या स्वयंपाकघरात दिवा होता.

नॅडीन उठली असेल, तो म्हणाला स्वतःशी. पाणी प्यायला.

खिडकीशी आला...

टेबलाशी नॅडीन बसली होती. आणि तिच्यासमोर लोवेल. चेक्सचा शर्ट अंगात, बटणं नीट लावलेली. टोस्टला लोणी लावत होता. टोस्ट अर्धा करून मोठा भाग त्याने तिच्या बशीत ठेवला. तीस वर्षांत लोवेलने हे कधी केलं नव्हतं.

"नॅडीन," तो टेबलाशी बसलेला म्हणाला. आवाज लोवेलचाच. "मी जळत होतो. एमेटवर नाही. तुझ्यावर. तुला जमलं म्हणून. माझं चुकलं."

खिडकीबाहेरच्या लोवेलने ऐकलं. हे शब्द त्याचे होते. तीन वर्षं घशात अडकलेले, मानी माणसाचे शब्द. त्याने ते आता म्हणायचं ठरवलं नव्हतं. कोणी ठरवलं?

नॅडीनने हात पुढे केला. त्या हातावर ठेवला. तिचे डोळे भरले होते, आणि ती हसत होती. असं ती लग्नाच्या पहिल्या वर्षी हसायची.

एमेटचाही कधी आला नव्हता इतका राग त्याला आला. स्वतःच्या हाताचा. स्वतःच्या तोंडाचा. आपलेच दात, आपलेच ओठ. तक्रार कोणाकडे करणार?

तो आत शिरला. टेबलाशी गेला. त्या अंगात उतरायला वाकला.

जागा नव्हती.

पुन्हा वाकला...

जागा नव्हती.

टेबलाशी बसलेल्याने मान वर केली. हळूच. लोवेल उभा होता बरोबर तिथे बघितलं.

"काय रे?" नॅडीन म्हणाली. "काय बघतोस?"

"काही नाही."

शिवणाच्या खोलीत गजर वाजायला लागला.

बसलेला उठला. शांतपणे आत गेला. गजर बंद केला. दिवा मालवून बायकोच्या खोलीत झोपायला गेला.

...

त्या गुरुवारी लोवेल इथे आला. म्हणाला, मी आता हे सोडतो, घरी बरं वाटतं. एमेटला त्याने मिठी मारली. नॅडीननेही येणं बंद केलं. पुढच्या महिन्यात दोघं दुकानात हातात हात घालून फिरताना दिसली. बायका आपापल्या नवऱ्यांना त्याचं उदाहरण द्यायला लागल्या. बघा, माणूस बदलू शकतो.

तुम्ही विचाराल, मग हे सगळं मला कोणी सांगितलं?

लोवेलनेच. फेब्रुवारीत, माझ्या फाटकाशी, पत्रपेटीला टेकून. बर्फ पडलं होतं आणि त्याच्या पायांचे ठसे नव्हते. माझेही नव्हते. मी तेव्हा वर माझ्या अंथरुणात होतो.

"गावात सगळे त्याच्याशी बोलतात," तो म्हणाला. "मला कोणी शोधत नाही. ती पण नाही."

"लोवेल, तू असतोस कुठे?"

"घरी. दुसरं कुठे जाऊ? तिला त्याच्याजवळ एकटं सोडू का?"

त्यानंतर मी बाहेर पडलेलो नाही. शिकवतो, पडत नाही.

एप्रिलमध्ये नॅडीनचा फोन आला. नवी गादी घेतली ती तीन आठवड्यांत बसली, दुकानवाला बदलून देतोय, ही खाली उतरवायला हात लावशील का? मी गेलो. तो गराजमध्ये गाडी मागे घेत होता. आम्ही दोघंच वर. मला राहवलं नाही.

"नॅडीन," म्हटलं, "लोवेल... बरा आहे ना?"

ती चादर काढत होती. थांबली. माझ्याकडे बघितलं नाही.

"ज्याची तीस वर्षं वाट बघितली तो मिळालाय मला," ती म्हणाली. "तू काही उकरू नकोस."

आणि तिने चादर ओढली.

दोन माणसांची गादी. डाव्या कडेला एक खळगा, तिच्या बाजूला. उजव्या कडेला एक, त्याच्या. इतके कडेला की रात्री दोघं पडत कशी नाहीत, असं वाटावं. आणि दोघांच्या मध्ये तिसरा. डोक्यापासून टाचांपर्यंत, पाठीवर झोपणाऱ्या माणसाचा. तिन्हींत तोच खोल.

सकाळचे अकरा वाजले होते. खिडकी उघडी होती, खोली गार पडलेली. उचलायला म्हणून मी वाकलो आणि हात मध्ये टेकला.

गादी तेवढ्या जागी गरम होती.