कापूसपरीची वेणी

जुईलीची कमरेएवढी वेणी वर्तमानपत्रावर ठेवली होती. शेजारी केसांचे बारीक पुंजके. उद्या अकोल्यात ‘कापूसपरी’ स्पर्धेची अंतिम फेरी, आणि सात वर्षांच्या त्या पोरीचं डोकं उंदरांनी कुरतडल्यासारखं दिसत होतं. मागे भोवऱ्यापाशी एक लांब बट मात्र शाबूत होती.

साल २००६. त्या वर्षी वऱ्हाडात कापसानं कुणालाच हसवलं नव्हतं. पण एका बियाणं कंपनीला चिमुरड्या पोरींच्या डोक्यावर बोंडांचा मुकुट ठेवायची हौस आली होती.

जुईलीचे वडील, वकील कमलाकांत, यांनी अमरावतीहून भागीरथा रोडेंना बोलावलं. भागीरथाबाई पूर्वी पोलिसात होत्या, आता खासगी तपास करत. त्यांचे यजमान ओमप्रकाश गाडी चालवत आणि चुकीच्या माणसावर संशय घेत. दोन्ही कामं ते मनापासून करत.

“तपास कसला करायचाय?” जुईलीची आई रमा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. “ही अनीसा. माझ्याशी भांडली होती, हिनंच कापली. आजच मी ठाण्यात तक्रार देणार आहे.”

जठारपेठेच्या कोपऱ्यावर पार्लर चालवणारी अनीसा दाराशी पिशवी घट्ट धरून उभी होती.

“पोलीस एकदा दुकानात आले की कोन बाई येईन माह्याकडे?” ती म्हणाली. “धंदा बसला माहा.”

“तुमचं भांडण काहून झालं होतं?” भागीरथाबाईंनी विचारलं.

“लेकराच्या तोंडाले ब्लीच लाव म्हनत होत्या. आग होते, मी नाई म्हनलं. आज दुपारी तेल लावलं, वेणी घातली अन् गेली. मले कापाची असती तं एका झटक्यात कापली असती, बाई. माह्या कात्रीनं असे चावे पडतात काय?”

ओमप्रकाशांनी बायकोच्या कानाशी तोंड नेलं. “ते शेजारीन पाह्य. तिची पोरगीबी स्पर्धेत हाये.”

शेजारीण बेबीताई दुपारी जुईलीचा झगा बघायला येऊन गेली होती. विचारल्यावर ती चिडली नाही, नुसती थकल्यासारखी बोलली.

“माही पोर काय अन् हे काय, दोघींच्या पोटात सकाळपासून काकडीच. मी कापाले कशाले जाऊ? अमरावतीची फेरी हिची बुडाली, तवा मीच त्या लोकायले सांगून हिले अकोल्यात घ्याले लावलं.”

“बुडाली कशी?”

“आजोबा वारले ना हिचे. सुतक होतं.”

कमलाकांतांनी डोक्यावरून हात फिरवला. मुंडणानंतरचे केस अजून बोटात धरण्याइतकेही वाढले नव्हते.

“पोरगी कुठंय?” भागीरथाबाईंनी विचारलं.

जुईली आतल्या खोलीत उघड्या फरशीवर बसली होती. दप्तर शेजारीच पडलं होतं.

“खुर्चीवर बस म्हटलं तर बसत नाही,” रमा म्हणाली. “समजूत काढायला शिरा केला. किती महिन्यांनी गोड दिलं, तर हातही लावला नाही.”

“शिऱ्याले नाई म्हन्ते?” ओमप्रकाशांना हा प्रकार चोरीहून गंभीर वाटला. “पोरगी लई भेली.”

भागीरथाबाई जवळ येताच जुईलीनं बसल्या बसल्या कमरेवर हात ठेवला, मान कलती केली आणि हसली. डोळे मात्र कुठेच पाहत नव्हते. भागीरथाबाईंना ते हसू बघवलं नाही. त्या तिच्याशेजारी फरशीवर बसल्या.

“आजोबा गेले तवा घरी काय काय झालं वं?”

हसू गेलं. “स्पर्धेचा क्लास नव्हता. तोंडाला काही लावलं नाही. सगळे वरणभात खायचो. आई माझ्याजवळ खाली सतरंजीवर झोपायची.”

भागीरथाबाईंनी दप्तर उघडून पाहिलं आणि सगळ्यांना आत बोलावलं.

“बाहेरून कोनी आलं नाई,” त्या म्हणाल्या. “वैऱ्यानं वेणी कापली असती अन् पळाला असता. इथं वेणी कापल्यावर डोक्यावरचे केसबी सगळीकडून काढले, सावकाश, बोथट कात्रीनं. अनीसाच्या कात्रीचं हे काम नाई. हे शाळेतली कागद कापाची कात्री. पात्यात केस अडकले हायेत.”

“म्हंजे पोरीनं सोताच?” ओमप्रकाश म्हणाले. “मंग ते मागची बट काहून ठेवली?”

“वकीलसाहेबांनी काय ठेवलं होतं मुंडण करताना?”

कमलाकांतांचा हात आपोआप डोक्यामागे गेला. “शेंडी,” ते पुटपुटले.

“तिनं तेच पाह्यलं. बाबांनी केस काढले, अन् घरातलं सारं थांबलं. गोड बंद, गादी बंद, स्पर्धा बंद. मानूस गेल्यावर केस काढतात. तिनं उलटं धरलं, केस काढले की सुतक लागते. म्हनून ते खाली बसली, म्हनून शिरा खाल्ला नाई. अख्खं सुतक पाळून राहिली ते.”

ओमप्रकाशांनी पोरीपुढे वाकून उगाचच विचारलं, “पन बेटा, सुतक लागाले कोनी जावं लागते ना?”

“हो,” जुईली म्हणाली. “मी गेले.”

रमा अनीसाकडे वळली. “उद्या सकाळपर्यंत विग मिळेल?”

पोलिसांचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही, माफीचंही काढलं नाही.

“मिळते,” अनीसा म्हणाली. “मी नाई लावनार.”

तिनं पिशवी उचलली आणि निघून गेली. आता तिला कुणी अडवलं नाही.

कमलाकांतांनी फोन उचलून स्पर्धेच्या आयोजकांचा नंबर फिरवला. रमा नको म्हणाली, पण उठली नाही.

“जुईली उद्या येणार नाही,” ते म्हणाले. “पुढंही नाही. आमच्याकडे सुतक आहे.”

पलीकडून कोण वारलं म्हणून विचारलं. सगळं आयुष्य कोर्टात बोलण्यात गेलेल्या त्या माणसाला नाव सांगता येईना.