तिसऱ्या हिवाळ्यानंतर बंद

पाचगणीला त्या वर्षी अक्षय्यतृतीयेच्या दिवशी बर्फ पडला, पण कुणाला त्याचं नवल वाटलं नाही. आंबा नुसता चित्रात उरला त्याला आता बावीस वर्षं झाली होती. दक्षिणेकडच्या समुद्रात ज्वालामुखींची एक अख्खी रांग फुटली होती. तिची राख आकाशात इतकी उंच गेली, की पावसालाही ती धुऊन खाली आणता येईना. तेव्हापासून सूर्य जुन्या धोतराआडून दिसावा तसा दिसे आणि सह्याद्रीच्या माथ्यावर नऊ महिने हिवाळा असे. जळण अपुरं, वीज अपुरी. म्हणून सरकारने रेशनकार्डावर नाव असलेल्या प्रत्येकाला ठरावीक ऊब नेमून दिली होती. तिला लोक 'ऊबवाटा' म्हणत.

अच्युत मोडकांच्या घरात माणसं तीन आणि खोल्या चौदा. एके काळी ते एका शाळेचं वसतिगृह होतं. भिंती दगडी, हातभर जाडीच्या. छतं अशी उंच की जळमटं काढायला बांबूला बांबू बांधावा लागे. खोल्यांच्या दारांवर शाळेने घातलेले पितळी आकडे अजून होते आणि घरातले लोकही खोल्यांना आकड्यांनीच ओळखत. अशा घरात तीन माणसांची ऊब सोडणं म्हणजे तळ्यात चमचाभर साखर टाकून पाणी गोड होण्याची वाट पाहणं. म्हणून घराचे 'ऊबखंड' पाडायचे होते. ऊबखंड म्हणजे घराचा असा भाग, की ज्याच्या फरशीखालून गरम पाण्याची स्वतंत्र नळी जाते. बाकीचं घर गारठलेलं असलं तरी तेवढा भाग एकटा तापवता येतो. नळ्या एकदा गाडल्या की दहा वर्षं फरशी उकरायला परवानगी नसे. त्यामुळे आखणी आधी पक्की करावी लागे.

त्या आखणीचा कागद घेऊन अनुजा धुमाळ दुपारी आली. ती ऊष्माशास्त्रज्ञ होती आणि साताऱ्याहून तालुक्याची घरं पाहायला येत असे.

"बसा मॅडम," अच्युतराव म्हणाले. "म्हणजे, तिथे नको, ती खुर्ची गार असते. माफ करा, इकडे बसा."

"मॅडम नका म्हणू हो काका. माझे वडील तुमच्या वयाचे आहेत."

तिने टेबलावर नकाशा पसरला. स्वयंपाकघर आणि जेवणघर मिळून एक खंड. झोपायच्या खोल्यांचे तीन: दोन नंबर अच्युतरावांची, चार नंबर त्यांच्या मुलीची, शाल्मलीची, आणि सात नंबर त्यांच्या थोरल्या बहिणीची, कमळाक्कांची. बाकी नऊ खोल्यांना कुलूप.

"छान झालंय," अच्युतराव म्हणाले. सही करायला त्यांनी पेन उघडलंही. पण चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेली होती. तळटीप वाचल्याशिवाय त्यांची सही कागदावर उमटत नसे. नकाशाखाली बारीक अक्षरांत एक तक्ता होता. दोन नंबर: दहा वर्षे. सात नंबर: दहा वर्षे. चार नंबर: तिसऱ्या हिवाळ्यानंतर बंद.

"इथे छापताना काही राहिलंय का?" त्यांनी भीतभीत विचारलं. "चारच्या पुढे दहा हवेत ना?"

अनुजाने नकाशाची घडी घालायला घेतली. "काका, तो तक्ता आमच्या कामासाठी असतो. सहसा कुणी वाचत नाही."

"मी वाचला. माझी मुलगी एकोणचाळीस वर्षांची आहे. ती कुठे जाणार नाहीये. लग्न मोडून इथेच राहिली आहे, शाळेत शिकवते. मग तिची खोली बंद का?"

अनुजाने घातलेली घडी पुन्हा उलगडली. नियमानुसार कारण सांगायची मुभा नव्हती. पण समोरचा म्हातारा माफी मागत मागत विचारत होता, आणि अशा माणसाशी खोटं बोलणं तिला जड गेलं असावं.

"माणूस म्हणजे एक शेगडी असते, काका," ती म्हणाली. "झोपलेला माणूससुद्धा खोलीला ऊब देतो. म्हणून तर आम्ही सात आठवडे तुमच्या खोल्यांतून मोजणीयंत्रं लावली होती. कोण किती ऊब देतो हे कळलं की तेवढी नळी बारीक करता येते. त्या नोंदीला आम्ही ऊष्मालेख म्हणतो. निरोगी माणसाचा ऊष्मालेख सरळ नसतो. झोपेत त्याची ऊब बारीक बारीक वरखाली होत राहते, दिव्याची ज्योत हलावी तशी. काही माणसांची ती हालचाल कमी कमी होत जाते. रेघ सपाट होते."

"ताप असला तर?"

"तापाची रेघ वेगळी दिसते. सपाट रेघेच्या माणसाला काहीच होत नसतं. तो हिंडतो, फिरतो, डॉक्टरांनाही काही सापडत नाही. पण आमच्याकडे दोन लाख घरांच्या नोंदी आहेत. आखणी करणाऱ्या संगणकाला आम्ही एवढंच शिकवलं होतं, की कोणती खोली किती वर्षं वापरात राहील त्याचा अंदाज कर. सपाट रेघेची खोली तीन हिवाळ्यांत रिकामी होते, हे त्याने स्वतःच शोधून काढलं. त्याला मरण माहीत नाही, काका. त्याला फक्त रिकाम्या झालेल्या खोल्या माहीत आहेत."

"आणि तो चुकतो किती?"

"शंभरात चार वेळा."

अच्युतरावांनी पेनाला टोपण लावायला घेतलं. ते लागेना. मग त्यांच्या तोंडून जे आलं ते इतकं भराभर आलं, की हे अच्युतरावच बोलताहेत असं कुणाला वाटलं नसतं.

"मग नावात घोटाळा झाला असेल. अक्का एक्क्याऐंशी वर्षांची आहे, मॅडम. तिचे गुडघे गेलेत, तिला दम लागतो. तिच्यापुढे दहा वर्षं आणि माझ्या पोरीपुढे तीन? हे उलटं आहे हो. सातचा लेख चारला लागलाय. तो अक्काचा असणार. तुम्ही नीट बघा, तो अक्काचाच असणार!"

"यंत्राला नाव कळत नाही," अनुजा हळूच म्हणाली. "घरच्यांनी सांगितलं तसं आमच्या माणसाने लिहून घेतलं."

दार पायाने ढकलून कमळाक्का आत आल्या. हातात चहाचा ट्रे. कप भरून आणलेले होते आणि चहावर साय धरली होती.

"चार नंबरचं काही चाललंय का?" त्यांनी विचारलं. "बरं झालं विषय निघाला. बाई, तुम्हाला एक सांगायचं राहिलंय, रागावू नका. ते डबे लावले होते ना तुम्ही, तेव्हा चारमध्ये मी झोपत होते. पोरीने मला तिकडे हलवलं. चारखाली स्वयंपाकघराची चूल येते, माझे गुडघे जरा धरतात तिथे. ती सातमध्ये गेली."

"मग नाव का नाही सांगितलंत?" अनुजा म्हणाली.

"लाज वाटली हो. परक्या माणसासमोर कसं सांगायचं, की म्हातारीने तरण्या पोरीची उबेची जागा बळकावली म्हणून?"

अच्युतराव हसले. ते हसू त्यांना आवरलंच नाही. डोळ्यांत पाणी आलं, त्यांनी अक्कांचा हात दोन्ही हातांत धरला आणि "अक्का, अक्का" एवढंच म्हणत राहिले. अक्कांनी त्यांना तसं धरू दिलं. मग त्या म्हणाल्या, "पुरे रे, ट्रे पडेल."

अनुजा हसली नव्हती. "पडताळून पाहायचं तर पुन्हा सात आठवडे मोजावं लागेल," ती म्हणाली. "त्याला तिघांच्या सह्या लागतील आणि कारण सांगावं लागेल. किंवा शाल्मलीताईंना विचारलं तरी पुरे, त्या कुठे झोपत होत्या ते."

"माझ्यावर विश्वास नाही का?" अक्का म्हणाल्या. "खोडा ती दोन नावं आणि इकडची तिकडे लिहा. मी चारमध्येच राहीन. चूल आहे खाली."

नावं बदलली गेली. अच्युतरावांनी सही केली, त्याखाली अक्कांनी आपल्या ठसठशीत अक्षरांत सही केली.

अनुजा गेल्यावर अच्युतरावांनी आपला कप उचलला. चहा पार निवला होता. त्या घरात चहा निवायला फार वेळ लागत नाही हे खरं. पण तो साय धरण्याइतका निवायला किती लागतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. अक्का दाराबाहेर किती वेळ उभ्या होत्या? 'तो अक्काचाच असणार' हे त्यांनी ऐकलं होतं का? आणि ऐकलं असेल, तर त्यानंतर त्या जे बोलल्या ते घडलेलं होतं, की धाकट्या भावाने हात पसरून मागितलं म्हणून त्यांनी देऊन टाकलं होतं?

"अक्का," ते म्हणाले, "तू खरंच..."

"काय?"

"काही नाही."

"मग पी तो चहा. की तापवून देऊ?"

संध्याकाळी शाल्मली आली. बूट झटकून, हात चुलीवर धरून, पाचवीच्या वर्गातल्या कुणाची तरी नक्कल करत ती दोघांना हसवायला बघत होती. तिचे गाल थंडीने लाल झाले होते. अच्युतराव त्या गालांकडे पाहत राहिले. लाल म्हणजे ठणठणीत, त्यांनी स्वतःला सांगितलं. मग आठवलं, की सपाट रेघेच्या माणसालाही काहीच होत नसतं.

जेवता जेवता फळीवरचा नकाशा तिच्या नजरेला पडला. तिने तो एका हाताने उलगडला.

"हे काय, आत्याचं नाव चारला?" ती म्हणाली. तिने अक्कांकडे पाहिलं. अक्का खाली मान घालून भाकरी थापत होत्या. "बाबा, तुम्हाला सांगितलं का हिने? त्या डब्यांच्या वेळी ना, आम्ही दोघी..."

"नको!" अच्युतराव ओरडले.

आयुष्यात त्यांनी तिच्यावर आवाज चढवला नव्हता. शाल्मलीचा घास हातातच राहिला.

"जेवताना नको ते कागद," ते म्हणाले. "माफ कर. नंतर सांग. केव्हातरी सांग."

तिने नकाशाची घडी घातली आणि तो फळीवर ठेवून दिला. जरा वेळाने ती वर्गातल्या मुलांचं पुढे सांगू लागली. अक्कांनी तव्यावरची भाकरी उतरवून अच्युतरावांच्या ताटात वाढली. अच्युतरावांनी वर पाहिलं नाही, म्हणून बहिणीचा चेहरा कसा होता ते त्यांना कळलं नाही.