न उतरवलेली तार

ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलली ती भांडायलाच. इतक्या वर्षांनंतरही ते आठवलं की तिला हसू येतं, आणि मागोमाग जरासं लाजल्यासारखंही होतं.

बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांची गिटार कपाटावर धूळ खात पडली होती, एक खुंटी ढिली झाली होती. ती ज्या चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची, त्याच्या समोरच वाद्यं दुरुस्त करणाऱ्याचं दुकान होतं. एका सकाळी कामाच्या घाईत ती गिटार तिथे टेकवून, धड मान वर न करता निघून आली. दोन दिवसांनी आणायला गेली तर गिटार लख्ख पुसलेली, तारा कोऱ्या करकरीत. सवयीने तिने सगळ्या तारांवरून अंगठा फिरवला... आणि तिचा चेहराच उतरला.

"हे काय केलंत तुम्ही?"

"का? खुंटी बसवली. तारा गंजल्या होत्या, बदलल्या. सूरही लावून ठेवलाय."

"कोणाचा सूर?"

"कोणाचा म्हणजे? गिटारचा!" तो गोंधळला. "सगळीकडे असाच लावतात."

"माझ्या बाबांची अशी नव्हती!"

आवाज इतका चढला की रस्त्यावरचे दोघेतिघे वळून बघायला लागले. मग तिलाच ओशाळल्यासारखं झालं. स्टुलावर बसून तिने सगळं सांगितलं. बाबा छापखान्यात होते. यंत्रात डावा हात सापडला आणि शेवटची दोन बोटं कायमची ताठ झाली. नेहमीसारखं वाजवणं बंद पडलं. मग दुपारच्या दुपारी खुंट्या पिळत बसून त्यांनी तारा अशा काही लावल्या, की बोटांनी न दाबता मोकळ्या सोडल्या तरी सगळ्या एकमेकींच्या गळ्यात गळा घालून गायच्या. उरलेल्या बोटांना जेमतेम काम पडायचं. कोणती तार किती चढवली, किती उतरवली, ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही. आता जुन्या तारांबरोबर तेही गेलं.

त्याने गिटार पुन्हा टेबलावर आडवी ठेवली. मग हळूच म्हणाला, "चूक माझी आहे. हात लावण्याआधी विचारायला हवं होतं मी... तुमच्या कानात आहे ना तो आवाज अजून?"

"आहे... बहुतेक."

"मग शोधू आपण."

झालं! चष्म्याचं दुकान बंद झालं की ती रस्ता ओलांडून समोर जायला लागली. सरसाचा आणि कापलेल्या लाकडाचा वास, टेबलावरच्या दिव्याचा पिवळा उजेड, गिटारच्या लाकडाला कान लावून बसलेला तो. जाड तार थोडी उतरवायचा, छेडायचा आणि तिच्याकडे बघायचा.

"हा बरा, की आधीचा?"

ती खुदकन हसली. "दिवसभर मी हेच विचारते लोकांना. हा नंबर बरा, की आधीचा?"

"आणि लोक काय म्हणतात?"

"म्हणतात, दोन्ही सारखेच."

"तुम्ही नका हं तसं म्हणू. माझं मन राखायला काही बोलायचं नाही."

"मी कशाला राखू तुमचं मन?" ती फटकन बोलून गेली, आणि मग दोघांनाही उगीचच खिडकीबाहेर बघावंसं वाटलं.

एकदा तार जास्त ताणली आणि सटकन तुटली. त्याच्या मनगटावर रक्ताची बारीक रेघ उमटली. तिने आपला रुमाल बांधला. गाठ मारायला खरं तर एवढा वेळ लागत नाही... पण लागला.

होता होता एके संध्याकाळी सगळ्या तारा जुळून आल्या. अंगठा फिरवला की भरगच्च, गोड झंकार. त्याचे डोळे चमकले. "हाच असणार! मोकळ्या तारांचा असा सूर पुष्कळ जण लावतात. हाच ना?"

ती घुटमळली. जवळजवळ तोच होता. पण कुठेतरी खटकत होतं. की खटकावं असं तिलाच वाटत होतं? हो म्हटलं तर या संध्याकाळी आजच संपणार. नाही म्हटलं, तर ते खरंच कानांचं म्हणणं, की मनाचं? स्वतःच्या कानांवरचा तिचा भरवसाच उडाला.

"रविवारी घरी याल?" ती म्हणाली. "आईला विचारू."

आईने वर्षभर त्या गिटारकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. रविवारी तिने चहा ठेवला, पाहुण्याची नीट चौकशी केली, पण त्याने गिटार मांडीवर घेतली तशी कपबशा उचलून आत निघाली. त्याने तारा छेडल्या. ती दारातच थबकली.

"फार गोड आहे," पाठमोरीच म्हणाली. "ह्यांचं एवढं गोड नव्हतं."

"म्हणजे कसं होतं, काकू?"

"कसं सांगू बाई... वाक्य बोलता बोलता कुणी मध्येच थांबावं ना, तसं. पुढे हसणार आहे की डोळ्यांत पाणी येणार आहे, कळायचं नाही."

त्याने मान झुकवली. क्षणभर विचार केला. मग मधली, तिसरी तार अगदी किंचित वर चढवली. "ही मी उगीचच उतरवली होती," तो स्वतःशीच पुटपुटला. "ही त्यांनी होती तशीच ठेवली असणार."

अंगठा फिरला... आणि खोलीत बाबा आले. आई दारातून मागे वळली. तिने कपबशा खाली ठेवल्या, खुर्ची ओढली, बसली.

"अजून एकदा," म्हणाली. मग पुन्हा, "अजून एकदा."

लेक भिंतीला टेकून उभी होती. गाल ओले झालेत हे तिला फार उशिरा कळलं. कान खोटं बोलले नव्हते तर! पण मनातलं बाकीचंही खोटं नव्हतंच की.

ऊन कलल्यावर ती त्याला बसथांब्यापर्यंत सोडायला गेली. एक बस आली, गेली. तो चढला नाही.

"काम तर झालं," तो बुटाच्या टोकाकडे बघत म्हणाला. "आता तारा फार पिळू नका. आणि काही बिघडलं तर..."

"उद्या येऊ?"

"का? गिटारचा आवाज काही खटकतोय का?"

"गिटार नाही आणणार," ती म्हणाली. "मी येऊ का, असं विचारतेय. नुसती मी."

दुसरी बस आली. दार उघडलं, कंडक्टरने दोघांकडे बघून हात हलवला, दार मिटलं.

"उद्या कशाला?" तो म्हणाला. त्याचे कान लालबुंद झाले होते. "आत्ता... आत्ता थोडं चालू या का? मला कुठेच जायचं नाहीये."