एक्केचाळिसावं मिनिट

तुम्हाला ती फिल्म हवीय ना? देते. मात्र आधी पाच मिनिटं बसा.

गेल्या जूनमध्ये आमच्या कॉलेजात नरसंहाराच्या अभ्यासाचा नवा विषय सुरू झाला. शिकवणार होत्या इतिहासाच्या निकिता मॅडम. साक्ष वाचणं वेगळं आणि सांगणाऱ्याचा चेहरा बघणं वेगळं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून साठ फिल्म जमवायचं काम माझ्याकडे आलं. मी सव्वीस वर्षं ग्रंथपाल आहे. शिस्तीच्या बाबतीत जरा खाष्टच. खोटं वाटत असेल तर आमच्या बारकूला विचारा. बारकू म्हणजे ग्रंथालयाचा शिपाई, सुरगाण्याचा, माझ्याच वयाचा.

ग्रंथालयाच्या प्रत्येक पुस्तकात एक गुप्त पान असतं. आमचं एक्केचाळीस. पहिल्या पानावरचा शिक्का चोर फाडून टाकतो, पण एक्केचाळिसाव्या पानावरचा त्याला माहीतच नसतो. फिल्मला पानं कुठली? मग मी डोकं चालवलं. प्रत्येक फिल्मच्या एक्केचाळिसाव्या मिनिटाला तीन सेकंद पडदाभर आपला जांभळा शिक्का, आवाजही बंद. प्राचार्यांनी माझी पाठ थोपटली होती.

त्या साठांत एक जुनी व्हिडिओ कॅसेट होती. दूर देशातली एक म्हातारी खुर्चीत बसलेली. तिच्या गावातली तीनशे बारा माणसं एका दुपारी मारली गेली, ही एकटी वाचली. सुरुवातीलाच ती आकडा सांगते आणि मग हातात कागद न घेता एकेकाचं नाव घेते. खाली ते अक्षरांत उमटतं. तिचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत जातो, आपल्याकडच्या बायका मोजतात ना, तसाच. चार बोटांची बारा पेरं, असे सव्वीस फेरे. शेवटचं नाव करंगळीच्या टोकाच्या पेरावर येतं. मग ती मूठ मिटते, उठते आणि बावन्नाव्या मिनिटाला फिल्म संपते. हे सगळं मी नोंद करण्याआधी पाहिलं होतं. न पाहता मी काहीच दाखल करून घेत नाही.

कॅसेटला बुरशी लागली होती. फिल्म कॉम्प्युटरवर उतरवली, तिच्यात शिक्का घातला आणि कॅसेट रद्द सामानाच्या यादीत टाकली. ती भंगारात गेली.

ऑगस्टमधल्या एका दुपारी निकिता मॅडम वर्गाच्या तयारीसाठी फिल्म बघत होत्या. त्यांनी मला आत बोलावलं. चेहरा पांढराफटक.

“मॅडम, नावं तीनशे अकराच भरतात. मी दोनदा मोजली.”

“म्हातारीच चुकली असेल.”

“ती नाही चुकली… तुमचा शिक्का बघा. त्याच्या मागेपुढे सगळी लहान मुलांची नावं आहेत. मधलं एक शिक्क्याखाली गेलंय.”

ते नाव मी कानांनी ऐकलं होतं, डोळ्यांनी वाचलं होतं. पण काही केल्या आठवेना. पहिलं अक्षरसुद्धा नाही. कॅसेट पाठवणाऱ्या तिच्या भाच्याला तिथूनच फोन लावला. मावशी गेल्या वर्षी वारली, म्हणाला. नावं फक्त तिलाच ठाऊक होती. “कॅसेट जपून ठेवा,” असंही म्हणाला. मी बरं म्हटलं.

मारणाऱ्यांना जे जमलं नव्हतं, ते मी एका शिक्क्यानं करून बसले होते.

फोन ठेवला तेव्हा बारकू दारात उभा होता, पडद्याकडे बघत.

“मॅडम, ती बाई उठंना.”

बावन्न मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. म्हातारी खुर्चीतच होती. अंगठा करंगळीच्या मधल्या पेरावर थांबलेला, टोकाचं पेर मोकळं. मूठ मिटत नव्हती.

“अडकली असेल फिल्म,” मी म्हणाले.

“अडकली नाय. पापण्या हलत्यात तिच्या… कुणाची तरी वाट बघतीय.”

एसीच्या त्या बंद खोलीत ओल्या राखेचा वास येऊ लागला. म्हातारीनं पहिल्यापासून नावं घ्यायला सुरुवात केली. आम्ही तिघं जागचे हललो नाही. शिक्का आला, गेला. तीनशे अकरा झाली आणि तिनं मान वर केली. निकिता मॅडमकडे नाही, बारकूकडे नाही… माझ्याकडे पाहिलं. हात पुढे केला आणि ते मोकळं पेर मला दाखवलं.

निकिता मॅडमनी वायर उपसली. पडदा काळा झाला. आवाज मात्र आणखी एक नाव घेऊन थांबला. ते माझं होतं.

तेव्हापासून एकाही फिल्मवर शिक्का मारलेला नाही. ती तीनशे अकरा नावं मी पाठ केलीत. रोज सकाळी ग्रंथालय उघडलं की पेरांवर मोजत म्हणते, न जाणो मधलं एखाद्या दिवशी जिभेवर येईल. शेवटी टोकाचं पेर उरतं. नाव नाही तर नाही, निदान मोजावं तरी, म्हणून अंगठा पुढे सरकवते. पण तो पेरावर टेकत नाही. मध्ये काहीतरी येतं. डॉक्टरांना दाखवलं, त्यांना काहीच सापडलं नाही.

लहान मुलाच्या बोटाएवढं आहे. गरम असतं.

मघाशी तुम्ही दारातून फिल्म मागितलीत ना, तेव्हा त्यानं माझी करंगळी घट्ट धरली. अजून सोडलेली नाही.