दुपारची गोळी

घरात सगळे तिला ‘कंपाउंडर’ म्हणत आणि मनातून तिला ते आवडायचंही. सासऱ्यांच्या औषधांचं सगळं तिच्याच हाती होतं. सकाळच्या गोळ्या निळ्या डबीत, रात्रीच्या पांढऱ्या. गोळी दिली की “जीभ दाखवा” म्हणून तोंडात डोकवायचं, कारण गोळी गालात दाबून नंतर उशीखाली सरकवण्यात म्हातारबुवा पटाईत. रक्त पातळ करायच्या गोळीला मात्र ती डोळ्यांत तेल घालून जपायची. रोज संध्याकाळी अर्धीच. तोडून उरलेली अर्धी दुसऱ्या दिवसासाठी बाटलीत. जास्त गेली तर रक्त थांबता थांबणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

एके दिवशी सासऱ्यांच्या दंडावर काळानिळा डाग उमटला. मग हिरड्यांतून रक्त यायला लागलं. रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी चष्मा काढला आणि गोळी दुप्पट जातेय का, असं विचारलं. ती जवळजवळ भांडलीच. बाटलीतली अर्धी गोळी जागच्या जागी होती. डॉक्टरांनी तूर्त ती गोळी बंदच करायला सांगितली.

घरी आल्यावर तिने सासऱ्यांना खोदून खोदून विचारलं. दुपारी तूच तर देतेस, ते म्हणाले.

“बाबा, दुपारी मी ऑफिसात असते.”

“असशील. पण येतेस. दुपारी किती मऊ बोलतेस. संध्याकाळी नुसती कावलेली.”

हे तिला लागलं, कारण खरं होतं. वय झालंय, भास होतात, असं म्हणत नवऱ्याने तिची समजूत घातली. तिलाही तेच हवं होतं. तरी त्या दिवसापासून ती सगळी औषधं पर्समध्ये घालून ऑफिसात न्यायला लागली.

डाग वाढतच गेला. तो मानेपर्यंत चढला तेव्हा तिने रजा टाकली.

दाराला आतून कडी लावून, पर्स मांडीवर घेऊन ती पलंगाशेजारी बसली. सासरे झोपले होते. वर पंखा कुरकुरत होता. घर आपलंच, माणूस आपलं, तरी तिला भीती वाटत होती आणि त्या भीतीची लाजही वाटत होती.

दुपार कलताना त्यांनी डोळे उघडले. तिच्याकडे पाहिलंच नाही. पाहिलं ते पलीकडे, पलंग आणि भिंतीमधल्या हातभर जागेकडे.

त्यांची मान उशीवरून उचलली गेली, कुणी मागून हात दिल्यासारखी.

त्यांनी तोंड उघडलं. गिळलं.

मग शहाण्या मुलासारखी जीभ बाहेर काढली.

जिभेवर पांढरी भुकटी होती.

तिने नवऱ्याला फोन लावला. त्याने डॉक्टरांना विचारलं आणि उताऱ्याची गोळी घेऊनच तो धावत घरी आला. तोवर सासऱ्यांच्या ओठांच्या कडेला रक्त आलं होतं. तिने गोळी पुढे केली. त्यांनी तोंड घट्ट मिटलं आणि ते भिंतीकडे सरकले.

“बाबा, घ्या ना. आत्ता घ्यायलाच हवी.”

ते तिच्याशी बोललेच नाहीत. मुलाचा हात धरून हळूच म्हणाले, “तिने बजावलंय. हिच्या हातचं काही घ्यायचं नाही.”

“कुणी बजावलंय, बाबा?”

“आपल्या सूनबाईने.”

नवऱ्याने तिच्या तळहातावरची गोळी उचलली. त्यानेच आणलेली होती. तरी खिडकीपाशी जाऊन, उजेडात धरून, त्याने ती उलटसुलट करून पाहिली.