बागायतदाराची मुलगी

शाळेतून फोन आला तेव्हा सुमनबाई केळफूल सोलत होत्या. नात अक्षदा फोनवर नुसती "हो मॅडम, हो मॅडम" करत होती आणि तिचा चेहरा उतरत चालला होता.

विरारच्या एका शाळेच्या ऑफिसात तिला नोकरी लागली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. आता मॅडम म्हणत होत्या, तुझ्याविषयी नेटवर काही लिहून आलंय. आज पाचपर्यंत खुलासा दे, नाहीतर यादीतल्या पुढच्या मुलीला बोलावते.

"काय लिहिलंय ते वाच," सुमनबाई म्हणाल्या. त्यांची शाळा दुसरीत सुटली होती. जीभ मात्र पुढे शिकत राहिली.

अक्षदाने वाचलं. संकेतस्थळाचं नाव 'आधी चौकशी'. भाडेकरू, ड्रायव्हर, कामाची बाई ठेवण्याआधी माहिती कशी काढावी याचे सल्ले. त्यात एक खरा अनुभव दिला होता: 'वटारमधील एका बागायतदाराच्या मुलीने सेवेच्या निमित्ताने आजारी आजोबांची सोन्याची अंगठी लांबवली.'

आजारी आजोबा गेल्या वर्षी वारले, घरात मुलगी एकच आणि अंगठी दिसेनाशी झाली, असं घर वटारात दुसरं नव्हतं. शाळेने एका फोनात शोधून काढलं.

"अंगठी कुणी चोरलेलीच नाही," सुमनबाई म्हणाल्या. "ती कुठे आहे ते मला ठाऊक आहे. लिहिलं कुणी, एवढंच मला पाहिजे."

"तुला ठाऊक आहे?" अक्षदाच्या बापाने, रामनाथने, विचारलं.

"आधी रिक्षा बोलव. हे छापणाऱ्यांकडे जायचंय."

एव्हरशाईन सिटीतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये अख्खं संकेतस्थळ मावलं होतं. संपादक जयवंत, तपासायला वसुंधरा, लिहायला सुमेध. लोकांची कुंडली काढायला एवढी माणसं पुरतात. भिंतीवर नियमांचा कागद होता. अक्षदाने आजीला वाचून दाखवला. कुणाचं नाव छापायचं नाही. अनुभव पाठवणाऱ्याचं नाव सांगायचं नाही. हिंदी, इंग्रजी शब्द आला की त्याचं मराठी करायचं.

"हे पाठवलं कुणी?" सुमनबाईंनी विचारलं.

"सांगता येत नाही, आजी," जयवंत म्हणाले. "लोक विश्वासाने पाठवतात."

"आणि तुम्ही विश्वासाने छापता. चौकशी कोण करतं?"

"मी फोन केला होता," वसुंधरा म्हणाली. "हे खरं आहे का विचारलं. तो हो म्हणाला."

"तो. म्हणजे बाप्या." सुमनबाईंनी पदर सारखा केला. "ज्याने सांगितलं त्यालाच विचारलंत, बाबा रे, तू खरं बोललास ना. वटारला एक रिक्षा करून येववलं नाही तुम्हाला?"

वसुंधरा गोरीमोरी झाली. मग तिने अक्षदाला विचारलं, "आजोबांजवळ कोण कोण असायचं गं?"

"मी आणि आजी. अंग पुसायला, औषधं द्यायला नंदाखालहून बेटीमावशी यायच्या. बाबा बागेत असायचे."

सुमेधची मान संगणकावरून वर आली आणि झटकन खाली गेली.

"काय रे, विंचू चावला?" सुमनबाई त्याच्या खुर्चीपाशी गेल्या. "नाव नको सांगू. नुसते शब्द सांग. पाठवणाऱ्याने आजारी माणसाला काय म्हटलंय?"

"वडील."

"मग आजोबा कुठून आले?"

"मुलीने अंगठी घेतली म्हटल्यावर ते तिचे आजोबाच होणार ना. मी वाक्य जुळवून घेतलं."

"आणि मुलगी? त्याने काय लिहिलं होतं?"

सुमेधने जयवंतांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. "'आमच्याकडच्या बेटीने,'" तो म्हणाला. "मला वाटलं हिंदी आहे. मी त्याचं मराठी केलं."

"गाव कुठलं तुझं?"

"सातारा. इथे येऊन सहा महिने झाले."

सुमनबाई स्टुलावर बसल्या.

"ऐका आता. बेटी हे बाईचं नाव आहे. आमच्याकडे किरिस्तावांत घरोघर सापडेल. पाठवणाऱ्याने चोर म्हटलं ते तिला. या शहाण्याने नाव ओळखलं नाही. कागदावर लिहिल्याप्रमाणे बेटीची मुलगी केली आणि मुलीसाठी वडिलांचे आजोबा केले. आता राहिला पाठवणारा. आमच्या घरधन्यांना वडील म्हणणारा एकच आहे. मघापासून दारात उभा आहे, आत यायचं नाव नाही."

रामनाथने चौकट धरली होती.

"बाबा?" अक्षदा म्हणाली.

"दुसऱ्याच्या घरी जाऊन ती हेच करेल म्हणून लिहिलं. आपल्यावर येईल असं मला काय ठाऊक. सकाळपासून सांगायचं म्हणतोय."

"मला का नाही विचारलंस?" सुमनबाई म्हणाल्या.

"तुला काही विचारायची सोय आहे का, आई?"

सुमनबाईंचा आवाज खाली आला. "अंगठी मी दिली तिला. तेरावं झाल्यावर, माझ्या हाताने. पाच महिने तिने त्यांचं सगळं काढलं. तुला सांगितलं असतं तर तू देऊ दिली असतीस?"

जयवंतांनी लेख तिथल्या तिथे काढून टाकला. सुमेध पुटपुटला की तो पुढे कुणाकुणाच्या मोबाइलवर गेला ते आता सांगता येणार नाही. त्याला कुणी ओरडलंसुद्धा नाही. अक्षदाने शाळेचा नंबर लावून फोन आजीकडे दिला. सुमनबाईंनी मॅडमना सगळं सांगितलं, एकही शब्द न चढवता.

"आजी, मला पटतंय हो," मॅडम म्हणाल्या. "पण घरच्यांचं सांगणं आम्हाला धरता येत नाही. त्या बाईंनी स्वतः येऊन सांगितलं तर बघते. पाचच्या आत."

साडेतीन वाजले होते.

"चला नंदाखालला," रामनाथ म्हणाला. "मी पाया पडतो तिच्या."

अक्षदा उठली नाही. "आणि काय सांगणार, बाबा? तुम्हाला चोर म्हटलं होतं, आता आमच्यासाठी साक्ष द्या?"

"ती येईल. ती तशी आहे."

"येईलच. पण आधी अंगठी काढून आजीच्या हातात ठेवेल."

सगळ्यांनी सुमनबाईंकडे पाहिलं. त्यांनी फोन मांडीवर उपडा ठेवला.

अक्षदाने आजीच्या मांडीवरचा फोन उचलला, पुन्हा तोच नंबर लावला.

"मॅडम, पाचपर्यंत थांबू नका," ती म्हणाली. "त्या दुसऱ्या मुलीला बोलवा."