रानकुत्र्यांच्या बेटावरून परत

त्या दुपारी आम्ही बेटावर उतरलो ते एकाच कामासाठी. आम्हाला रानकुत्र्यांची पिल्लं बघायची होती.

सांगलीत विश्रामबागेत माझं छोटंसं पर्यटनाचं ऑफिस आहे. दर जुलैत मी एक गट घेऊन आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला जाते. आधी चार दिवस गोल्फ, मग शेजारच्या बोत्स्वानात ओकावांगोच्या पाणथळ रानात सफारी. त्या वर्षी आम्ही बारा जण होतो. शेवटच्या दिवशी बाकीच्यांनी तळावरच लोळत पडायचं ठरवलं आणि तिघं माझ्याबरोबर निघाले.

जयराजदादा हळदीचे व्यापारी. आले होते गोल्फ खेळायला, पण आठवड्यापूर्वी जीपमधून रानकुत्र्यांचा कळप धावताना पाहिला आणि माणूस पुरता वेडावला. आपल्या चांदोलीच्या जंगलातल्या कोळसुंद्यांची, म्हणजे आपल्याकडच्या रानकुत्र्यांची, ही लांबची भावकी. अंगावर काळे, पिवळे, पांढरे डाग, कान मोठाले गोल. चालायला आधार म्हणून दादांनी गोल्फची एक काठी हातात ठेवली होती आणि गळ्यात भलामोठा कॅमेरा. आकारामकाका भिलवडीजवळच्या कृष्णाकाठचे, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. आणि तासगावच्या लीलामावशी. तालुक्याच्या दवाखान्यात तीस वर्षं सिस्टर होत्या. साडी, त्यावर स्वेटर आणि पायात पांढरे स्पोर्ट्स शूज, असा त्यांचा सफारीचा पोशाख.

"बिबट्या बघा म्हनला असता तर आले नसते," मावशी मला म्हणाल्या. "आमच्याकडं उसात रोज दिसतोय. ही कुत्री मातुर नवीन हायत."

ओकावांगो ही समुद्राला न मिळणारी नदी. वाळवंटात शिरते आणि तिथेच हजार फाटे फुटून पसरते. काचेसारखं पाणी, त्यावर कमळं, दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच लव्हाळे आणि मध्ये मध्ये ताडांची बेटं. या पाण्यात फिरायचं ते मोकोरोतून. मोकोरो म्हणजे अरुंद, लांबुडकी होडी; मागे उभं राहून लांब काठीने तळ ढकलत ती न्यायची. एका होडीत दोन प्रवासी, तिसरा होडी चालवणारा. पहिली होडी आमच्या वाटाड्याची, मोलेफीची. पन्नाशीचा, बारीक अंगाचा, हळू बोलणारा माणूस. दुसरी मसेगोची. ती चाळिशीतली, फार न बोलणारी बाई. दोन पुरुषांची ताकद तिच्या खांद्यांत होती.

मसेगो होड्यांजवळ थांबली. आम्ही मोलेफीच्या मागे एका ओळीत किलोमीटरभर चाललो. वारुळाच्या पोटात कुत्र्यांचं बीळ होतं. शंभर पावलांवर एका पडलेल्या झाडामागे आम्ही बसलो. अर्धा तास गेला. बिळाच्या तोंडाशी एक म्हातारी कुत्री झोपली होती, तिने कानसुद्धा हलवला नाही.

सव्वातीनला मोलेफीने घड्याळ पाहिलं. "आता निघायला हवं."

जयराजदादांनी माझ्याकडे पाहिलं. "ताई, पंधरा मिनिटं. फक्त पंधरा. उद्या तर आपण घरी."

मला मोलेफीचा चेहरा दिसत होता. त्याला थांबायचं नव्हतं. तरी मी त्याला इंग्रजीत म्हणाले, "ही माणसं फार लांबून आली आहेत." दहा वर्षं हा धंदा करतेय, हे वाक्य कुठे चालतं ते मला पक्कं ठाऊक आहे. मोलेफी पुन्हा झाडामागे बसला. पंधरा मिनिटं गेली. पिल्लं आली नाहीत.

वेळ भरून काढायला त्याने परतताना जवळची वाट धरली, छातीएवढ्या गवतातून. तो पुढे, त्याच्यामागे मी. वारा आमच्या पाठीवर होता. गवताच्या टोकांवर उन्हाची पिवळी झाक होती आणि कुठेतरी कवडा घुमत होता. मोलेफी एकदम थांबला. त्याने हात वर केला.

उजवीकडे गवतात कोणीतरी जोराने फुरफुरलं.

"झाडामागे!" तो ओरडला.

एकटा, म्हातारा रानरेडा होता. तो आला तो सरळ आला. गवत दुभंगलं. मला शिंगं दिसली, त्यांवरचा वाळलेला चिखल दिसला. माझे पाय जमिनीत रुतले. मोलेफीने मला दोन्ही हातांनी ढकललं. मी बाजूला आपटले. धप्प असा आवाज झाला. मोलेफी हवेत गेला! रेडा थांबलाच नाही. तसाच गवत तुडवत पलीकडच्या झाडीत घुसला.

सगळं मिळून पाच सेकंदं लागली असतील.

मोलेफी कुशीवर पडला होता. उजव्या मांडीतून रक्त भळभळत होतं. कमरेचा वायरलेस त्याच्याच अंगाखाली चिरडून त्याचे दोन तुकडे झाले होते. दुसरा वायरलेस नव्हता आणि फोन तिथे लागत नव्हता. मी माझी प्रथमोपचाराची पिशवी उघडायला घेतली. लीलामावशींनी ती माझ्या हातातून काढून घेतली. त्या गुडघ्यांवर बसल्या, पँट कातरीने फाडली आणि अख्खी कापडपट्टी जखमेत बोटांनी कोंबली. मग दोन्ही मुठी वर ठेवून सगळा भार टाकला.

"मोठी शीर वाचलीय," त्या म्हणाल्या. "पर दाब सोडला की ह्यो जातोय. मी हात काढनार न्हाई. तुमी काय ते बाकीचं बघा."

आकारामकाका कामाला लागलेच होते. त्यांनी दोन सरळ वाळक्या फांद्या शोधल्या. आपलं आणि दादांचं जाकीट काढलं, बाह्या उलट्या करून फांद्या त्यांतून घातल्या, चेन लावली. स्ट्रेचर तयार झालं.

"काश्मिरात असंच उतरवलंय मानसाला," ते म्हणाले. "जयराजराव, तुमी पुढं धरा. हिसका द्यायचा न्हाई. आन ह्या गवतातनं न्हाई, पयल्या वाटंनंच."

पहिली वाट बिळावरून जात होती. दादा पुढे, काका मागे. मावशी कडेने वाकून चालत, मुठी तशाच दाबलेल्या. मी दादांची काठी आणि सगळ्यांच्या पिशव्या घेतल्या. बिळाजवळ आलो आणि मला बारीक कुईकुई ऐकू आली. पिल्लं बाहेर आली होती. सात होती. एकमेकांच्या अंगावर पडत, कान ओढत ती ऊन खात होती, आमच्यापासून जेमतेम तीस पावलांवर. दादांच्या छातीवर कॅमेरा हेलकावत होता. त्यांनी एकदाच मान वळवली. मग पुन्हा समोर बघितलं आणि पाऊल लांब टाकलं.

होड्यांपाशी पोचलो तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. मसेगोने मोलेफीला पाहिलं आणि ती लगेच होडीत गवत अंथरायला लागली. मोलेफी शुद्धीवर होता. ओठ पांढरे पडले होते.

"तळावर विमान आहे," तो मला म्हणाला. "धावपट्टीवर दिवे नाहीत. सूर्य बुडाला की पायलट उडू शकत नाही. मग सकाळीच."

सूर्य पावणेसहाला बुडत होता. सकाळपर्यंत तो टिकणार नाही, हे मावशींनी न बोलता माझ्याकडे बघून सांगितलं.

दुसरा प्रश्न समोरच होता. होड्या दोन आणि चालवणारी एक.

"मी नेतो," काका म्हणाले. "म्हापुरात आमच्या गावात नाव न्हवती. गुळाची काहील सोडली पान्यात आन बांबूनं रेटून चाळीस मानसं काढली. काहील गरागरा फिरती. ही तरी सरळ जाईल."

ती सरळ गेली नाही. पहिल्या दहा हातांतच होडी एवढी डुलली, की पाणी आत आलं. काका गुडघ्यांवर बसले, बसूनच काठी रेटू लागले, आणि हळूहळू होडीने त्यांचं ऐकलं. पुढे मसेगो, तिच्या होडीत मोलेफी आडवा आणि त्याच्यावर वाकलेल्या मावशी. मागे आम्ही तिघं.

मोठ्या प्रवाहात पाणघोडे होते, त्यांचं हुंकारणं लांबूनच ऐकू येत होतं. मसेगोने डावीकडची लव्हाळ्यांतली वाट धरली. ती इतकी अरुंद होती, की पाती तोंडावर सपासप बसत. वीस मिनिटं बरं चाललं. मग वाट संपली. वाहत आलेल्या पाणगवताचा गच्च बांध आडवा पडला होता.

मसेगोने पाण्यात उडी टाकायला पाय उचलला. मोलेफी खालून काहीतरी पुटपुटला आणि ती थबकली. तिला काही झालं तर पुढची वाट जाणणारं कोणी नव्हतं.

"काठी द्या, ताई," जयराजदादा म्हणाले.

"दादा, मगरी आहेत."

"सांगलीच्या माणसाला सांगताय? कृष्णेत काय कमी आहेत?"

कॅमेरा माझ्या मांडीवर ठेवून ते उतरले. पाणी कमरेच्या वर आलं. गोल्फच्या काठीने पुढचा तळ चाचपत ते बांधापर्यंत गेले आणि दोन्ही हातांनी गवताचे लगदे उपसायला लागले. मी दोन्ही कडांवर नजर रोखून बसले. एकदा दादा थांबले. त्यांच्या पायाला काहीतरी घासून गेलं होतं.

"मासा असंल," काका म्हणाले.

"असेल," दादा म्हणाले, आणि पुन्हा उपसू लागले.

बांध फुटला तेव्हा पाच वाजायला दहा मिनिटं होती.

पुढे अर्ध्या तासाने लव्हाळे मागे पडले आणि समोर मोठा डोह उघडला. पलीकडच्या काठावर तळाचा ध्वज दिसत होता. सूर्य ताडांच्या बुंध्यांपर्यंत उतरला होता. आणि डोहात, उजवीकडे, एक पाणघोडा होता. फक्त कान, डोळे आणि नाकपुड्या.

मसेगोने होडी थांबवली. मोलेफीचे डोळे मिटले होते. मावशींनी हाक मारल्यावर अर्धवट उघडले. मी परिस्थिती सांगितली.

"किती लांब आहे?" त्याने विचारलं. "शंभर मीटरच्या आत असेल तर जाऊ नका. काहीही झालं तरी."

मला पाण्यावरचं अंतर कळेना. साठ वाटलं, दोनशेही वाटलं.

"दीडशे," जयराजदादा म्हणाले. ओले, थंडीने कुडकुडत ते डोळे बारीक करून बघत होते. "पलीकडचा उथळ गवताचा पट्टा साधारण एकशे ऐंशी. गोल्फमध्ये वीस वर्षं हेच करतोय, ताई. पाण्यापलीकडचं अंतर मी चुकत नाही."

मोलेफीने माझ्याकडे पाहिलं. दुपारी त्याला नको असताना मी त्याला थांबवलं होतं. आता मी काही बोलले नाही. त्याच्या तोंडून येईल तेच करायचं, एवढं मी मनाशी ठरवलं होतं.

"जा," तो म्हणाला. "आवाज नको. तो बुडाला तर मात्र थांबू नका."

आम्ही निघालो. काठीवरून ठिबकणारं पाणीसुद्धा ऐकू येत होतं. अर्ध्यावर आलो. पाणघोड्याने तोंड आमच्याकडे वळवलं. जांभई दिल्यासारखा जबडा उघडला, मिटला.

मग तो बुडाला.

"रेटा, काका!" मी ओरडले.

काका उभे राहिले. काठी तळात रोवली. रेटली. पुन्हा रोवली. दादा गोल्फच्या काठीने पाणी मारत होते, मी हातांनी. उजवीकडे पाण्यावर एक फुगवटा उठला आणि आमच्या दिशेने धावत आला. सत्तर हात. पन्नास. मसेगोची होडी गवतात शिरली. तीस! काकांची काठी चिखलात अडकली. त्यांनी ती सोडून दिली. होडी वेगाने तशीच सरकली, खाली गवत खरखरलं आणि आम्ही उथळ पाण्यात जाऊन रुतलो.

मागे पाण्याचा डोंगर उसळला. पाणघोडा छातीपर्यंत बाहेर आला, एकदा हुंकारला, आणि तिथेच थांबला. उथळात तो पुढे आला नाही.

तळावरची माणसं पाण्यात धावत आली. कोणीतरी पायलटला हाक मारली. मोलेफीला उचललं तशा मावशीही उठल्या, मुठी तशाच. विमानात त्याला ठेवताना तळावरचे लोक सोबत जायला कोणी जाणकार शोधायला लागले, तेव्हा मावशी म्हणाल्या, "मीच जाते. आता हात बदलायला नगं." त्या रक्ताने माखलेल्या साडीनिशी विमानात चढल्या. पाच एक्केचाळीसला चाकं जमिनीवरून सुटली.

तासाभराने निरोप आला. ते जवळच्या शहरातल्या दवाखान्यात पोचले होते, आणि मोलेफी जिवंत होता.

मी परतीची तिकिटं पुढे ढकलली. तिसऱ्या दिवशी आम्हाला त्याला भेटू दिलं. त्याची बायको उशाशी बसली होती. मसेगोही आली होती. मावशींची बोटं अजून नीट उघडत नव्हती. त्यांनी ती त्याच्या कपाळावर पालथी ठेवून ताप पाहिला. काकांनी सलाम ठोकला. जयराजदादा मान खाली घालून उभे राहिले आणि म्हणाले, "पंधरा मिनिटं मी मागितली होती."

"मागितली तुम्ही," मी म्हणाले. "मोलेफीवर लादली मी." आणि हेच मी त्याला इंग्रजीत सांगितलं, त्याच्या बायकोसमोर. कंपनीच्या अहवालातही हेच लिहिलं होतं, तेही सांगितलं.

त्याची बायको माझ्याकडून वळून त्याच्या अंगावरची चादर नीट करू लागली. तिने मला माफ केलं असं मला वाटलं नाही, आणि तसं वाटून घ्यायचा मला हक्कही नव्हता.

मोलेफीने पाण्याचा घोट घेतला.

"प्रवासी मागणारच," तो हळू म्हणाला. "ते त्याचसाठी येतात. नाही म्हणणं हे माझं काम होतं, ते मी केलं नाही. पुढच्या जुलैत मी नाही म्हणेन." त्याने माझ्याकडे बोट केलं. "तेव्हा तू माझ्या बाजूने बोल."

"बोलेन," मी म्हणाले.